लवादाचा माणूस : धारूरचा घाट आणि गोपीनाथ मुंडे

धारूरचा किल्ला बालाघाटाच्या कड्यावर उभा आहे. आदिलशाही सरदार किश्वरखान याने तो १५६७ मध्ये बांधला. दोनच वर्षांत तो अहमदनगरच्या निजामशाहीने जिंकला आणि गावाला फतेहाबाद हे नाव मिळाले. १६३१ मध्ये, दख्खनच्या मोठ्या दुष्काळात, तो मोगलांकडे गेला. एवढ्या सत्तांनी या जागेसाठी रक्त सांडले, कारण खालचा गोदाकाठ आणि वरचे पठार यांना जोडणारी वाट या किल्ल्याच्या नजरेखाली होती. आज किल्ला ओसाड आहे, वाट मात्र वाहती आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या संसार ट्रॅक्टरवर लादून याच डोंगरपट्ट्यातून साखर कारखान्यांकडे निघतात आणि गाळप संपून पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गोपीनाथ मुंडे (१९४९–२०१४) २००९ पासून या भागाचे खासदार होते. त्यांची कारकीर्द सहसा दोनच सुरांत सांगितली जाते, एक संघाच्या शाखेतून घडलेला हिंदुत्ववादी नेता आणि दुसरा बहुजनांचा लोकनेता. दोन्ही वर्णनांत तथ्य आहे. मुंडे कोणत्या अर्थाने परंपरावादी होते, हे मात्र अयोध्येच्या प्रश्नापेक्षा ऊसतोडीच्या प्रश्नातून अधिक स्वच्छ कळते. त्यांनी मजुराचा दर वाढवून दिला, पण ज्या रचनेत तो दर ठरतो ती तशीच राहू दिली.

त्यासाठी आधी बीड लोकसभा मतदारसंघाचा इतिहास पाहावा लागतो, कारण हा प्रदेश मुळात उजव्यांचा नव्हताच. निजामाच्या राजवटीतून १९४८ मध्ये सुटलेल्या या जिल्ह्याने १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत काँग्रेसऐवजी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना निवडले. हैदराबाद संस्थानातली डावी मंडळी त्या फ्रंटच्या झेंड्याखाली लढत होती. १९६७ मध्ये साताऱ्याच्या पत्रीसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील भारतीय कम्युनिस्ट पक्षातर्फे बीडमधून लोकसभेत गेले. १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे आले, १९८९ मध्ये जनता दलाचे बबनराव ढाकणे. मधल्या वर्षांत द्वारकादास मंत्री, सयाजीराव पंडित, केशरबाई क्षीरसागर असे काँग्रेसचे खासदार होऊन गेले. पण दर काही वर्षांनी काँग्रेसला बाजूला सारण्याची सवय या मतदारसंघाला पहिल्यापासून होती आणि तशी वेळ आली की मत डावीकडे किंवा समाजवाद्यांकडे जाई. भाजपला ही जागा प्रथम मिळाली ती १९९६ मध्ये, रजनी पाटील यांच्या रूपाने. त्या पुढे काँग्रेसमध्ये गेल्या. १९९८ आणि १९९९ मध्ये भाजपकडून निवडून आलेले जयसिंगराव गायकवाड २००४ मध्ये राष्ट्रवादीच्या तिकिटावर पुन्हा निवडून आले. विचारसरणी हाच इथल्या मतदानाचा पाया असता, तर झेंडा बदलताच उमेदवार पडला असता. तसे झाले नाही.

ही विरोधाची सवय कशातून आली? बालाघाटाची जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. डोंगरउतारावर सीताफळ भरघोस येते, पण त्यावर वर्षाचे पोट भरत नाही. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला. पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली आणि त्यांना तोडणीसाठी माणसे हवी होती. १९७२ च्या दुष्काळाने धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी या पट्ट्यातली घरे या कामाकडे आणखी ढकलली. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, ती फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ कारखान्याला बांधला जातो, गैरहजर राहिले तर खाडा कापला जातो, हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. ऊस, कारखाना, जिल्हा बँक आणि सत्ता ही सगळी काँग्रेसच्या हातात होती. बीड जिल्ह्यातही माजलगावचे सुंदरराव सोळंके १९७८ मध्ये उपमुख्यमंत्री झाले, तेलगावचा कारखाना आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कारखानदार काँग्रेसचा असल्यावर मजुराचे राजकारण काँग्रेसविरोधी होणार, हे ओघानेच आले. प्रश्न इतकाच होता की ते कोण चालवणार.

ती जागा मुंड्यांनी घेतली. परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावच्या वारकरी शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. अंबाजोगाईच्या महाविद्यालयात प्रमोद महाजन भेटले, मग विद्यार्थी परिषद आणि आणीबाणीतला तुरुंगवास. १९८० मध्ये ते रेणापूरमधून विधानसभेत गेले, १९८५ मध्ये हरले, १९९० पासून २००९ पर्यंत तिथूनच निवडून येत राहिले. भाजपवरचा शेटजी-भटजींचा शिक्का पुसण्यासाठी वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी समाजांना जोडण्याचे जे सूत्र मांडले, त्याचा सर्वांत यशस्वी चेहरा मुंडे ठरले. पण नुसत्या सूत्राने माणूस जोडला जात नाही. भगवानगडावरचा दसरा मेळावा हे त्यांचे खरे व्यासपीठ होते. भगवानबाबा वारकरी कीर्तनकार, त्यांना मानणारा समाज मोठ्या प्रमाणात ऊसतोडीला जाणारा आणि दसरा म्हणजे टोळ्या निघण्याचे दिवस. भक्ती, जात आणि हंगाम एका मैदानावर येत. कम्युनिस्टांना मजुराचा वर्ग दिसला होता. त्याचा गड आणि त्याची वारी मात्र मुंड्यांनी राजकारणात आणली. डाव्यांचे मतदार उजवीकडे सरकले ते या वाटेने.

यावर पहिला आक्षेप असा की मुंडे पक्के संघाचे होते, त्यांना श्रमिकांच्या चौकटीत बसवणे ही ओढाताण आहे. आक्षेप हलका नाही. १९९५ ते १९९९ या काळात ते उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री असताना युती सरकारने जानेवारी १९९६ मध्ये मुंबई दंगलीची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग गुंडाळला. तो काही महिन्यांत पुन्हा नेमावा लागला आणि १९९८ मध्ये आलेला अहवाल सरकारने नाकारला. या निर्णयांच्या जबाबदारीतून गृहमंत्र्याला वेगळे काढता येत नाही. पण त्याच माणसाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला पाठिंबा दिला, मंडल आयोगाच्या शिफारशींची बाजू घेतली आणि खासदार झाल्यावर २०१० मध्ये लोकसभेत इतर मागासवर्गीयांची जातनिहाय गणना व्हावी अशी मागणी केली. स्वतःच्या पक्षातले अनेकजण या प्रश्नांवर अवघडलेले असताना त्यांनी हे केले. म्हणजे केवळ संघाची शिकवण हा त्यांच्या निर्णयांचा उलगडा ठरत नाही, आणि केवळ बहुजनवाद हाही ठरत नाही. दोन्हींना जोडणारा धागा त्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे.

ती पद्धत म्हणजे लवाद. ऊसतोड मजुरांचा दर कायद्याने ठरत नाही, ठरावीक वर्षांनी होणाऱ्या करारातून ठरतो. संप पुकारायचा, कोयते थांबवायचे, कारखान्यांची धुराडी पेटायला उशीर होऊ द्यायचा आणि मग साखर संघ व मजूर यांच्या वतीने दोन मोठे नेते बसून आकडा काढणार, ही रीत रूढ झाली. मजुरांच्या बाजूने मुंड्यांचा शब्द चाले आणि समोर बहुधा शरद पवारांसारखा सहकारातला नेता असे. याच राज्यात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला होता. त्याने हमालांची नोंदणी करणारी मंडळे आणली, मालकाकडून मजुरीवर वरताळा वसूल केला, त्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना दिला. मुकादमाच्या मर्जीतून सुटण्याची वाट महाराष्ट्राला माहीत होती. ऊसतोडीत ती कधी धरली गेली नाही. काही संघटना नोंदणी, ओळखपत्र, विमा मागत राहिल्या, पण शेवटी टनामागे किती रुपये यावरच करार होई. दर वाढला की संप मिटे. उचल, मुकादम, कोयत्याच्या हिशेबात अदृश्य राहणारी बाई, यांतले काही बदलत नसे. हक्काची हमी कायद्याऐवजी नेत्याच्या शब्दात ठेवणे हा परंपरावादी राजकारणाचा गाभा आहे आणि मुंडे त्यात पारंगत होते.

दुसरा आक्षेप जातीचा. हे सगळे वंजारी मतांचे गणित आहे, बाकी तपशील सजावट, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. जातीशिवाय मुंडे समजत नाहीत हे खरे. पण ज्या समाजाच्या मतांची चर्चा होते तो मतदारसंघात बहुसंख्य नाही आणि १९९० च्या आधीही तो इथेच राहत होता, तेव्हा नाना पाटील आणि बुरांडे निवडून येत होते. जात कच्चा माल असते, तिला कामाच्या आणि कर्जाच्या प्रश्नाशी जोडले तेव्हा तिचे राजकारण झाले. ३ जून २०१४ ला केंद्रीय ग्रामविकासमंत्री होऊन आठवडा उलटताच मुंड्यांचा दिल्लीत अपघाती मृत्यू झाला. पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीने उमेदवार दिला नाही आणि मुंड्यांच्या कन्या प्रीतम मुंडे जवळपास सात लाखांच्या विक्रमी फरकाने निवडून आल्या. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने जिल्हा ढवळून निघाल्यावर प्रीतम यांच्या भगिनी पंकजा मुंडे साडेसहा हजार मतांनी हरल्या. जात तीच असताना निकाल इतके दूर गेले, ते जातीभोवतीचे प्रश्न बदलल्यामुळे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कायद्याची भाषा पुस्तकी, लवादाने मजुराच्या हातात पैसे तरी आले, असे म्हणता येते. हे नाकारण्याचे कारण नाही. ज्याला कुणी चर्चेच्या मेजावर बसवत नव्हते त्याच्या वतीने कारखानदारांशी बरोबरीने बोलणारा माणूस मिळाला, हा फायदा पैशात मोजता येत नाही. पण लवादाची किंमतही पाहिली पाहिजे. मुंड्यांनी स्वतः परळीजवळ वैद्यनाथ साखर कारखाना उभारला, म्हणजे मजुराचा कैवारी आणि ऊस गाळणारा एकच झाला. मजुरांची संघटना नेत्यापासून वेगळी वाढली नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीच्या दिवसांत खाडा नको, दवाखान्याला सुट्टी नको, या हिशेबाचा त्यात वाटा होता असे महिला संघटनांनी मांडले. टनाचा दर कितीही वाढला असता तरी हा हिशेब बदलला नसता, कारण तो उचलीत आणि खाड्यात बसलेला होता. मुंड्यांच्या नावाने मजुरांसाठी महामंडळ प्रत्यक्षात आले ते त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ झाली, तीही पुण्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या बैठकीतून. माणसे बदलली, मेज तेच राहिले.

श्रमिकांना जवळ करणारा परंपरावादी नेता ही केवळ बालाघाटाची गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये डिझरायलीने १८६७ मध्ये शहरी कामगारांना मताधिकार देणारा कायदा कॉमन्स सभेत पुढे रेटला, तो स्वतः हुजूर पक्षाचा होता. १८७५ मध्ये त्याच्याच सरकारने शांततेने निदर्शने करण्याचा हक्क संपकऱ्यांना दिला. समाजाची उतरंड राखायची आणि खालच्या माणसाला तिच्यात बरी जागा द्यायची, हा त्याचा हिशेब होता. मुंड्यांचाही तोच होता. फरक इतकाच की डिझरायलीने दिले ते कायद्याच्या पुस्तकात उतरले, त्याच्या मागे उरले आणि पुढे त्याच्या विरोधकांनाही वापरता आले. मुंड्यांनी दिले ते करारात उतरले, आणि करार मुदत संपली की संपतो. म्हणून धारूरच्या खासदाराचे मोल ठरवताना तो कोणत्या पक्षाचा हे विचारून भागत नाही. त्याच्या काळात मिळालेले त्याच्या पश्चात नेत्याच्या मध्यस्थीशिवाय मागता येते का, हे विचारावे लागते. मुंड्यांच्या बाबतीत उत्तर बहुतांशी नाही असे येते, आणि हा दोष एकट्या त्यांचा नाही. ज्या डाव्यांनी ही जागा सोडली आणि ज्या काँग्रेसने कारखाने उभारताना तोडणाऱ्याला कामगार म्हणून नोंदवलेच नाही, त्यांचाही त्यात वाटा आहे.