चालकाशी बोलू नये

आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो, तेव्हा मामांनी एकदम विचारलं, "मगाशी त्या मोठ्या वळणावर समोरनं काय आलं, सांग बघू?"

मला आठवेना. ट्रक असावा... की एसटी?

"एष्टी हुती. आनि तिच्यामागनं एक मोटरसायकलवाला ओव्हरटेक मारत हुता. तू हाॅर्न दिलास, बाजूला घेतलीस. पर तुला ठावंच न्हाई!"

तर मंडळी, झालं होतं असं. कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. बांबवडे, मलकापूर, आंबा असा अख्खा शाहूवाडी तालुका ओलांडताना मी गाडीच्या ब्लूटूथवर ऑफिसशी बोलत होतो. शनिवार सकाळ, प्रॉडक्शनवर काहीतरी बोंबललेलं. (ते नेहमी शनिवारीच का बोंबलतं हा वेगळा विषय.) दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, स्पीड चाळीसच्या आत. मी स्वतःला अगदी सज्जन ड्रायव्हर समजत होतो. मामा मलकापूर डेपोतून रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर, हा घाट त्यांचा रोजचा. ते पुढे रागावले वगैरे नाहीत. बशीत चहा ओतत एवढंच म्हणाले, "आमच्या गाडीत पाटी असायची."

तुम्हीही वाचली असेल ती. वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. लहानपणी मला ती पाटी जरा शिष्टच वाटायची. आता वाटतं, १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एसटीला ही गोष्ट आपल्यापेक्षा बरी कळली होती. कंडक्टरलासुद्धा ड्रायव्हरशी गप्पा मारायची गरज पडू नये म्हणून डोक्यावरून दोरी. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. आमच्या धंद्याच्या भाषेत, फक्त दोन मेसेजचा प्रोटोकॉल! मागे पन्नास माणसं, कोंबड्या, पोती, भांडणं, आणि ड्रायव्हरपर्यंत पोचतात ते फक्त टोले.

गंमत म्हणजे फिरता फोन जन्मला तोच मुळी गाडीत. १७ जून १९४६ ला अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात बेल कंपनीची सेवा सुरू झाली. डॅशबोर्डखाली रिसीव्हर, बाकी सामान डिकीत, सगळं मिळून ३६ किलोच्या आसपास. खिशातला फोन फार नंतरचा. मार्टिन कूपरने न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून पहिला कॉल केला तो १९७३ साली. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून सुखरामांना दिल्लीला मोबाईलवरून फोन लावला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर, इनकमिंगलाही पैसे. त्या भावात घाटात कोण गप्पा मारणार? महागाईने आपला जीव वाचवला म्हणायचं. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि फोन उचलायला कारण लागेनासं झालं.

तोपर्यंत धोका मोजूनही झाला होता. मला आवडलेला अभ्यास टोरंटोचा, १९९७ चा. रेडलमायर आणि टिब्शिरानी यांनी मोबाईल असलेले आणि गाडी ठोकलेले ६९९ ड्रायव्हर घेतले, आणि त्यांना काही विचारत बसण्याऐवजी सरळ त्यांची फोनची बिलं तपासली. २६,७९८ कॉल! अपघाताची वेळ आणि कॉलची वेळ जुळवायची. म्हणजे आपण लॉग बघून बग शोधतो तसंच. फोन चालू असताना धोका सुमारे चौपट निघाला. आणि हॅन्ड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यात काही सूट मिळाल्याचं दिसलं नाही. (अपघातानंतर मदतीला फोन उपयोगी पडला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलंय.)

असं का, हे युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी २००३ मध्ये दाखवलं. सिम्युलेटरमध्ये लोकांना हॅन्ड्सफ्रीवर बोलत गाडी चालवायला लावली, डोळे कुठे जातात ते टिपलं. रस्त्याकडेच्या पाट्यांवर नजर नीट गेलेली होती, पण नंतर विचारलं तर त्या फारशा आठवत नव्हत्या. हे वाचताना मला साखरप्याचा चहा आठवला आणि घाम फुटला.

आपला कायदा मात्र हाताकडे बघतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरलेलं संपर्काचं उपकरण आलं. पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १ ते ५ हजार दंड, किंवा दोन्ही. चांगलंच आहे. मार्च २०२५ मध्ये दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेट बघत होता. एका प्रवाशाने व्हिडिओ काढून परिवहनमंत्र्यांना पाठवला, आणि त्या चालकाची नोकरी गेली. पण तो दिसला म्हणून सापडला. माझ्यासारख्याचा व्हिडिओ काढला असता तर काय दिसलं असतं? आदर्श चालक, ओठ तेवढे हलताहेत.

सरकारी आकड्यांतही म्हणूनच आम्ही फारसे दिसत नसणार. २०२१ मध्ये देशात मोबाईलमुळे १,९९७ अपघात आणि १,०४० मृत्यू अशी नोंद आहे, एकूण अपघात चार लाखांवर. मला हा आकडा कमीच वाटतो. गाडी ठोकल्यावर हवालदाराला "साहेब, मी रिलीजबद्दल बोलत होतो" असं कोण सांगणार?

असो. परतीला फोन बंद करून मामांच्या पिशवीत टाकला. मामा मात्र आंब्यापर्यंत अखंड बोलत होते, कुठल्याशा पावसाळ्यात दरड कोसळून रात्रभर गाडी अडकली त्याची गोष्ट. वळण आलं की वाक्य अर्ध्यात तोडायचे, गाडी सरळ झाली की तिथनंच पुढे. म्हटलं, "मामा, तुमच्या पाटीचं काय?"

"ती पाशिंजरास्नी असती," ते म्हणाले, आणि समोर ट्रक दिसला तसे गप्प झाले.