रोखलेल्या क्षेपणास्त्रांनी युद्ध लांबत नाही

पाश्चात्त्य देशांनी युक्रेनला पॅट्रियटसारख्या हवाई संरक्षण यंत्रणा दिल्या आणि त्यामुळेच तिथले युद्ध लांबले, हे मत आपल्याकडे आता जवळजवळ गृहीतच धरले जाते. वाहिन्यांवरच्या चर्चांत ते ऐकू येते, लेखांत वाचायला मिळते. युद्धाची मनापासून चीड असलेली माणसेही ते मांडतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मत मात्र चुकीचे आहे आणि ते का, हे सविस्तर सांगायला हवे. कारण ते खरे मानले तर भर वस्तीची शहरे हल्लेखोरापुढे उघडी टाकणे हेच शांततेचे काम ठरते.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या सर्वांत भक्कम रूपात. रशिया मोठा आहे, युक्रेन लहान. तडजोड आज ना उद्या करावीच लागणार. बाहेरून शस्त्रे आली की ती तडजोड पुढे ढकलली जाते आणि मधल्या काळात माणसे मरत राहतात. शिवाय शस्त्र ते शस्त्रच, त्यात बचावाचे आणि चढाईचे असा भेद करता येत नाही. अण्वस्त्रधारी देशाला डिवचले तर भडका सगळ्या जगाला लागेल. आणि हिशेबही आतबट्ट्याचा, कारण चाळीस लाख डॉलरचे क्षेपणास्त्र वीस-तीस हजार डॉलरच्या ड्रोनवर खर्ची पडते.

यातला पहिला मुद्दा तपासून पाहण्याची संधी घटनांनीच दिली आहे. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बायडेन यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये युक्रेनसाठी सुमारे ६१ अब्ज डॉलरचा निधी मागितला. तो अमेरिकी काँग्रेसमध्ये अडकला आणि प्रतिनिधिगृहाने तो मंजूर केला २० एप्रिल २०२४ रोजी. या मधल्या महिन्यांत युक्रेनची संरक्षक क्षेपणास्त्रे आटत गेली. मदत आटली की युद्ध आवरते, हे मत खरे असते तर या काळात वाटाघाटींची काही तरी चाहूल लागायला हवी होती. झाले काय? २२ मार्चला झापोरिझ्झियाजवळच्या नीपर नदीवरच्या जलविद्युत केंद्रावर आणि खार्कीव्ह परिसरातल्या वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रे आदळली. ११ एप्रिलला कीव्हच्या दक्षिणेचे त्रिपिल्ल्या औष्णिक वीजकेंद्र पूर्ण जळाले. त्याच्यावर अकरा क्षेपणास्त्रे आली, सात पाडली, उरलेली चार पाडायला आमच्याकडे क्षेपणास्त्रच उरले नव्हते, असे झेलेन्स्की यांनी नंतर सांगितले. आणि १० मे रोजी रशियाने खार्कीव्ह प्रांतात वोव्हचान्स्कच्या बाजूने नवी आघाडी उघडली. आकाश उघडे पडले तेव्हा हल्लेखोर वाटाघाटींकडे वळला नाही, त्याने आणखी एक दार फोडून पाहिले.

यात आश्चर्य नाही. शहरांवर बॉम्ब टाकून लोकांना वाकवता येते, ही समजूत शंभर वर्षे जुनी आहे आणि ती वारंवार खोटी ठरली आहे. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात जर्मन विमानांनी ब्रिटनमध्ये चाळीस हजारांहून अधिक नागरिक मारले; ब्रिटन वाकला नाही. पुढे ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी जर्मनीची शहरे भाजून काढली, तरी जर्मनीचे शस्त्रोत्पादन १९४४च्या मध्यापर्यंत वाढतच होते. तेव्हा हवाई संरक्षण काढून घेतले तर युद्ध लवकर संपेल, या विधानाला आधार नाही. संरक्षण काढून घेतले तर मरणारी माणसे मात्र बदलतात. खंदकातल्या शिपायांच्या जोडीला दवाखान्यातले रुग्ण येतात.

८ जुलै २०२४ची सकाळ आठवा. कीव्हमधल्या ओख्मातदित या बालरुग्णालयावर ख-१०१ जातीचे क्रूझ क्षेपणास्त्र पडले. डायलिसिसवर असलेली, कर्करोगाचे उपचार चालू असलेली मुले बाहेर रस्त्यावर आणून बसवावी लागली. कोणाच्या हाताला सलाइन तसेच लावलेले. डॉक्टर, परिचारिका आणि रस्त्याने जाणारे लोक हातोहात विटा उचलत होते. हे क्षेपणास्त्र आवाजापेक्षा कमी वेगाने, विमानासारखे उडत येते आणि ते पाडता येते. त्या दिवशी सोडलेल्या अडतीसपैकी तीस क्षेपणास्त्रे पाडल्याचे युक्रेनच्या हवाई दलाने सांगितले. जे पाडता येते ते अपुऱ्या संरक्षण यंत्रणांमुळे निसटते, हे त्या विटांच्या ढिगाऱ्याचे कारण आहे. त्याच आठवड्यात वॉशिंग्टनला नाटोची परिषद भरली आणि आणखी यंत्रणा देण्याचे ठरले. त्या आधी दिल्या असत्या तर युद्ध लांबले असते, असे कोणी त्या रस्त्यावर उभे राहून म्हणू शकेल का?

आता बचाव आणि चढाई. इथे प्रतिपक्षाच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. पॅट्रियट नुसती शहरावर पहारा देत बसलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये अझोव्ह समुद्रावर रशियाचे ए-५० हे टेहळणी विमान पडले, ते पॅट्रियटनेच पाडल्याचे एका अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने पुढे जाहीरपणे सांगितले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पोलंडच्या प्शेव्होदूव्ह गावात दोन माणसे मेली, ती बहुधा भरकटलेल्या युक्रेनी संरक्षक क्षेपणास्त्रामुळे. या यंत्रणा निरुपद्रवी नाहीत. तरीही भेद उरतोच. पॅट्रियटच्या पॅक-३ क्षेपणास्त्राच्या नाकाशी बारीक बारीक रॉकेट-मोटारी असतात. शेवटच्या क्षणी त्या पेटून दिशा बदलतात आणि ते समोरून येणाऱ्या क्षेपणास्त्रावर थेट जाऊन आदळते. समोरून काही आलेच नाही, तर ते पेटीत पडून राहते. त्याने गाव जिंकता येत नाही, सीमा ओलांडता येत नाही. हल्लेखोराने हल्ला थांबवला की त्याचे काम संपते. रणगाड्याबद्दल असे म्हणता येणार नाही.

आणि भडक्याचे काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये रशियाचे माजी अध्यक्ष मेदवेदेव यांनी पॅट्रियट दिल्या तर त्या आमच्या माऱ्याचे लक्ष्य ठरतील, असे बजावले. एप्रिल २०२३ मध्ये पॅट्रियट कीव्हला पोचल्या. मे महिन्यात रशियाने त्यांच्यावर किंझाल क्षेपणास्त्रे सोडली. नाटोच्या एकाही देशावर नाही. इतिहासही हेच सांगतो आणि त्यातला मुख्य दाखला मॉस्कोचाच आहे. १९६५ मध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्रांनी उत्तर व्हिएतनामवर अमेरिकी विमाने पाडायला सुरुवात केली. १९७० मध्ये इस्रायली फँटम विमाने इजिप्तमध्ये खोलवर घुसून मारा करत होती. अबू झाबलच्या कारखान्यात कामगार मेले, बहर अल-बकरच्या शाळेत मुले मेली. इजिप्तचे अध्यक्ष नासर जानेवारीतच मॉस्कोला गेले होते. सोव्हिएत युनियनने एस-१२५ क्षेपणास्त्रे दिली आणि ती चालवायला स्वतःचे सैनिकही पाठवले. देशाच्या अंतर्भागातले हल्ले एप्रिलमध्ये थांबले. सुएझ कालव्यावर चकमकी झाल्या, सोव्हिएत वैमानिकही पडले, पण दोन महासत्तांत युद्ध पेटले नाही आणि ऑगस्टमध्ये शस्त्रसंधी झाली. तिच्या आडून इजिप्तने क्षेपणास्त्रे कालव्याजवळ सरकवली आणि १९७३ला त्यांच्याच छत्राखाली कालवा ओलांडला, हेही खरे. पण शाळेवरचे बॉम्ब थांबले, हे त्याने खोटे ठरत नाही.

खर्चाचा आक्षेप आकड्यांच्या चुकीच्या जोडीवर उभा आहे. शाहेद ड्रोनसाठी पॅट्रियट वापरणे हा नियम नाही. त्यासाठी गेपार्डच्या तोफा आहेत, ट्रकवर मशिनगन बसवून रात्रभर फिरणारी पथके आहेत, आता ड्रोन पाडणारे ड्रोन आहेत. पॅट्रियट लागते ती इस्कंदरसारख्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रासाठी. आणि चाळीस लाख डॉलरची तुलना करायची तर ती जे वाचले त्याच्याशी, म्हणजे वीजकेंद्राशी, कडाक्याच्या थंडीत चालू राहिलेल्या पाण्याच्या पंपांशी करायला हवी.

एक आक्षेप मात्र खरा आणि अवघड आहे, तो साठ्याचा. २०२४च्या सबंध वर्षात पॅक-३ची जेमतेम पाचशे क्षेपणास्त्रे तयार झाली आणि मागणारे देश अनेक. आपला साठा राखायचा म्हणून एखादा देश नाही म्हणाला, तर ते मला समजते. त्याने तसे सांगावे. स्वतःच्या टंचाईला शांततेचे नाव देऊ नये.

आपल्यासाठी हा दूरचा वाद नाही. मे २०२५ मध्ये पाकिस्तानची ड्रोन आणि क्षेपणास्त्रे पंजाबपासून भुजपर्यंतच्या ठिकाणांवर आली, तेव्हा आपल्या हवाई संरक्षणाने ती अडवली. त्यात रशियाकडून २०१८च्या कराराने घेतलेली एस-४०० होती, आपली आकाशही होती. त्या यंत्रणेमुळे संघर्ष लांबला, असे आपल्यापैकी कोणी म्हटले नाही. उलट चार दिवसांत तो थांबू शकला, याचे एक कारण मला हेच वाटते की आपल्या शहरांत मृतांचे ढीग पडले नाहीत आणि सुडाची मागणी हाताबाहेर गेली नाही. जो न्याय अमृतसरला, तो खार्कीव्हला का नको? २०२२ला महाराष्ट्रातली वैद्यकीय शाखेची मुलेही युक्रेनमधूनच परतली आहेत. भुयारी रेल्वेच्या स्थानकांत रात्री काढलेल्यांना विचारून पाहावे.

राहिला अधिकाराचा प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ५१वे कलम आक्रमण झालेल्या देशाला स्वसंरक्षणाचा हक्क देते आणि तो हक्क एकट्याचा तसाच सामूहिकही आहे. म्हणजे त्याने मागितल्यास मदत करणे बेकायदा नाही. हे युद्ध थांबवण्याचा मार्गही कोणी सुचवलाच नव्हता असे नाही. १६ मार्च २०२२ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने रशियाला लष्करी कारवाई ताबडतोब स्थगित करण्याचा आदेश १३ विरुद्ध २ मतांनी दिला. त्या तेरांत भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. रशियाने तो आदेश एक दिवसही पाळला नाही.