परसदारी रुजणारे बी आणि राज्यसत्ता : भारतातील भांगेच्या घरगुती लागवडीचा इतिहास

प्रस्तावना

भारतातील मादक पदार्थांच्या इतिहासलेखनात अफूला जेवढे स्थान मिळाले तेवढे भांगेच्या झाडाला मिळालेले नाही. अफूमागे चीनचा व्यापार होता, युद्धे होती आणि साम्राज्याचा महसूल होता. भांगेचे झाड मात्र परसदारी, मठाच्या आवारात किंवा हिमालयाच्या पायथ्याशी आपोआप उगवणारे होते. त्यामुळेच ते राज्यसत्तेपुढे निराळा प्रश्न उभा करते. जे बी कोणाच्याही अंगणात रुजू शकते, त्यावर शासनाने नियंत्रण कसे ठेवावे? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाची वाटचाल १८९३-९४ च्या भारतीय हेम्प ड्रग्ज कमिशनपासून १९८५ च्या कायद्यापर्यंत व त्यानंतरच्या काळात तपासली आहे. घरगुती लागवडीवरील बंदीचे मूळ आरोग्यविषयक चिंतेपेक्षा महसूल व देखरेखीच्या गरजेत अधिक आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

झाड आणि त्याची तीन उत्पादने

या झाडापासून भांग, गांजा आणि चरस असे तीन पदार्थ मिळतात. भांग म्हणजे मुख्यतः पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. एकोणिसाव्या शतकात चरस प्रामुख्याने यारकंदहून लेहमार्गे येत असे. झाडात नर व मादी वेगवेगळे असतात आणि हा भेद बियांवरून ओळखता येत नाही. तो फुलोरा येऊ लागल्यावरच दिसतो. परागीभवन झाल्यास मादी झाड बियांनी भरते व गांजाची प्रत उतरते. म्हणून नर झाडे वेळीच उपटणे हे या शेतीतील खरे कौशल्य होते. बंगालमध्ये हे काम करणाऱ्या जाणकाराला ‘पोद्दार’ किंवा ‘पारखदार’ म्हणत. चांगला गांजा पिकविण्यासाठी सामूहिक श्रम व जाणकाराची नजर लागे. बी रुजविण्यासाठी मात्र मूठभर माती पुरेशी होती. शासनाची अडचण नेमकी या दोहोंमधील अंतरात होती.

लागवडीचे केंद्रीकरण

बंगालमध्ये राजशाही भागातील नौगाव परिसरात परवानाधारक शेतकऱ्यांची लागवड एकवटलेली होती. तेथे रोपवाटिकेत बी पेरून रोपे नंतर शेतात लावली जात. हेमचंद्र केर यांनी १८७७ मध्ये या लागवडीचा व व्यापाराचा तपशीलवार अहवाल दिला, तर वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांचा अहवाल १८९३ मध्ये आला. मध्य प्रांतात खांडवा आणि मुंबई इलाख्यात तत्कालीन अहमदनगर जिल्हा (आजचा अहिल्यानगर) ही गांजाच्या लागवडीची प्रमुख ठिकाणे होती. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने या पदार्थांवर नियंत्रण आणले. शेत मोजता येते, पीक गोदामात आणता येते आणि त्यावर कर बसविता येतो. परसातील दोन झाडे यांपैकी कोणत्याच हिशेबात बसत नाहीत.

कमिशनची भूमिका

मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत डब्ल्यू. एस. केन यांनी हा प्रश्न उपस्थित केला. त्यानंतर जुलैमध्ये डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांचे कमिशन नेमण्यात आले. त्यांत तीन भारतीय होते. कमिशनने १,१९३ साक्षी नोंदविल्या व १८९४ मध्ये बहुखंडी अहवाल सादर केला. परिमित सेवनाने सामान्यतः उल्लेखनीय अपाय होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. संपूर्ण बंदी त्याने अनावश्यक व अनुचित ठरविली. शिवोपासनेशी व साधूंच्या आचाराशी असलेला संबंध, संभाव्य असंतोष आणि लोक अधिक घातक व्यसनांकडे वळण्याची भीती ही कारणे त्यामागे होती.

मात्र याच अहवालाने पुरेसा कर, परवान्याशिवाय लागवडीस मनाई, लागवडीचे केंद्रीकरण, दुकानांच्या संख्येवर मर्यादा आणि जवळ बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा अशी उपाययोजना सुचविली. सेवन सह्य, परंतु स्वतः पिकविणे अमान्य, असे हे सूत्र होते. ज्याला आरोग्याला अपाय होतो म्हणून मनाई करावयाची त्याला दुकानात परवान्याने विकत देण्याचे समर्थन करता येत नाही. घरचे झाड करातून सुटते, म्हणून ते अवैध ठरले, असाच या शिफारशींचा अर्थ निघतो. जेथे झाड आपोआप उगवते तेथे त्याचे समूळ उच्चाटन अव्यवहार्य आहे, याची जाणीवही कमिशनला होती.

बी वगळले, रोप धरले

१९६१ च्या अंमली पदार्थविषयक आंतरराष्ट्रीय करारातील व्याख्येतून बिया आणि शेंड्यांविरहित पाने वगळण्यात आली. तंतू व बियांसाठी होणारी लागवडही कराराच्या नियंत्रणाबाहेर ठेवली गेली. १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आलेल्या भारतीय कायद्याने गांजाची जवळजवळ हीच व्याख्या स्वीकारली. परंतु त्याच कायद्यात ‘कॅनॅबिस वनस्पती’ म्हणजे त्या प्रजातीसमूहातील कोणतीही वनस्पती. तिच्या लागवडीस शासकीय परवानगीवाचून मनाई असून दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. येथे रोपाच्या वयाचा, लिंगाचा वा मादकतेचा विचार नाही. गांजाच्या व्याख्येबाहेर असलेले बी कोणी हेतुपुरस्सर पेरून अंकुरविले, की काही दिवसांतच ते गंभीर गुन्ह्याचा विषय होऊ शकते.

या विसंगतीची झळ कोणाला बसते, हे एका खटल्यावरून दिसते. उत्तर प्रदेशातील शेतात आढळलेल्या गांजाच्या झाडांसंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २००४ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झाला. जमिनीत पडलेले बी निसर्गतः रुजू शकते. त्यामुळे तुरळक झाडे आढळली एवढ्यावरून लागवड केली असे गृहीत धरता येत नाही, असे न्यायालयाने मानले व आरोपीची मुक्तता केली. कमिशनने १८९४ मध्ये ओळखलेले वास्तव एका सामान्य माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पुन्हा मांडावे लागले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, वसाहतकालीन शासनाने महसुलासाठी घातलेली लागवडीची चौकट स्वातंत्र्योत्तर काळात दंडात्मक झाली. परवानाधारक शेती आक्रसली, मनाई मात्र कायम राहिली. अलीकडे प्रवाह काहीसा बदलत आहे. उत्तराखंडाने औद्योगिक लागवडीस परवाने दिले आणि २०२१ मध्ये अन्नसुरक्षा नियमांनी या बियांना व त्यांच्या तेलाला अन्न म्हणून मान्यता दिली. कॅनडाने २०१८ मध्ये आणि जर्मनीने २०२४ मध्ये प्रौढांना घरी मोजकी झाडे लावण्याची मुभा दिली. भारताने हाच मार्ग घ्यावा असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तरुणांच्या मानसिक आरोग्यावरील परिणामांविषयी आज कमिशनच्या काळापेक्षा बरेच अधिक ज्ञात आहे. तथापि बंदीचे समर्थन आरोग्याच्या आधारे करावयाचे असेल, तर तिची रचनाही त्याच आधारावर तपासली पाहिजे. आपोआप उगवलेले रोप, हेतूने लावलेले रोप आणि व्यापारी शेत यांत भेद करणारी स्पष्ट तरतूद ही त्या तपासणीची पहिली पायरी ठरेल.