डोक्यावरचं टिंब: स्वरलिपी 'वाचणं' म्हणजे काय?

आधी माझी एक चूक सांगते. तुमच्या हातून ती होऊ नये, म्हणून हा लेख.

माझा विषय विसाव्या शतकाच्या सुरुवातीची छापील संगीत-पुस्तकं. एका पुस्तकातल्या बंदिशीत काही स्वरांच्या डोक्यावर टिंबं होती. मी रत्नागिरीत लहानपणापासून पेटी शिकलेली. डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, हे डोक्यात पक्कं. त्या हिशोबानं चाल मध्येच अचानक वर उडी मारत होती. 'त्या काळची गायकी मोठ्या झेपा घेणारी होती', असं टिपणही मी करून ठेवलं! सुट्टीत घरी आले तेव्हा ते पान पेटीच्या सरांना दाखवलं. सर हसले. "अगं, ही पलुस्करांची पद्धत. इथं वरचं टिंब म्हणजे मंद्र. चाल खाली उतरतेय आणि तू तिला माळ्यावर चढवलीस."

म्हणजे दोन सप्तकांची चूक, आणि त्यावर उभा केलेला एक सिद्धांत.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी (जन्म १८७२, कुरुंदवाड) १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईचे. दोघांनीही आपापली स्वरलिपी बनवली. भातखंड्यांकडे मंद्राचं टिंब खाली, तारचं वर. पलुस्करांकडे मंद्राचं टिंब वर, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंड्यांच्या 'म'वर दिसली, तर तो तीव्र मध्यम. चिन्हं सारखी, पण अर्थ वेगळे.

आता पियानोकडे वळू. पियानोवाल्यांमध्ये 'साइट रीडिंग' नावाची गोष्ट असते. कधी न ऐकलेली रचना समोर ठेवायची आणि ती तिथल्या तिथे वाजवायची. वाजवणाऱ्याची नजर हातांच्या थोडी पुढे धावते, हात मागून येतात. बघणाऱ्याला ही जादू वाटते. खरं तर लिहिणारा आणि वाचणारा एकाच शिस्तीत तयार झालेले असतात, म्हणून ते जमतं. दोघांची ओळख नसली तरी चालतं.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे गोवा. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जाई. पुढे हेच वादक मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत आले. संगीतकार चाल गाऊन किंवा पेटीवर सांगे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर उतरवत, आणि वादक तो समोर ठेवून वाजवत. वाचता येणं हीच त्यांची रोजीरोटी होती. गाणी अजरामर झाली, पण पडद्यावरच्या श्रेयनामावलीत या वादकांची नावं क्वचितच आली.

भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग उघडा. तिथला कागद वेगळ्या कामाचा आहे. गायकांकडून मिळवलेल्या बंदिशी हरवू नयेत आणि शिकणाऱ्याला आधार मिळावा, म्हणून तो छापला. मींडेची खूण त्यात आहे, पण मींड किती संथ घ्यायची हे गुरूसमोर बसूनच कळतं. परक्या माणसानं ते पान बघून लगेच गावं, ही अपेक्षाच नव्हती. त्यामुळे 'ही स्वरलिपी अपुरी आहे' असं लिहिण्याआधी थांबा. ती कशासाठी अपुरी?

स्वरलिपी असो, मोडी पत्र असो की जमाखर्चाची वही, साधन हातात आलं की तीन प्रश्न विचारा. हे कोणत्या पद्धतीत लिहिलंय? कुणी वाचावं म्हणून लिहिलंय? आणि वाचणाऱ्याला जे आधीच ठाऊक आहे असं धरून कागदावर आणलंच नाही, ते काय? माझ्या मते खरं संशोधन तिसऱ्या प्रश्नापासून सुरू होतं.

त्या टिपणाचं काय केलं? खोडलं नाही. वहीत तसंच आहे, फक्त त्याच्या डोक्यावर एक टिंब दिलंय.