छेदात कोण बसले आहे?

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर फ्लेक्स चढतो. वर संस्थापकांचा फोटो, खाली पहिल्या तिघाचौघांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘१०० टक्के’. पेढे वाटले जात असताना ‘शंभर टक्के, पण कितीपैकी?’ असे विचारणारा माणूस कोणालाच नको असतो. हे पुस्तक त्या नकोशा माणसासाठी आहे, आणि शिक्षणाच्या समाजशास्त्राच्या या अभ्यासात त्याचे मनापासून स्वागत आहे.

टक्केवारी म्हणजे अपूर्णांक, हे आपण शाळेत शिकतो आणि नेमके निकालाच्या दिवशी विसरतो. अंशाची मिरवणूक निघते, छेदाकडे कोणी बघत नाही. समजा, शेजारशेजारच्या दोन शाळा आहेत आणि दोन्हीकडे आठवीत ६० मुले होती. पहिल्या शाळेतून दहावीला ४० बसली, ३८ उत्तीर्ण झाली. निकाल ९५ टक्के. दुसरीतून ५८ बसली, ५० उत्तीर्ण झाली. निकाल ८६ टक्के. फ्लेक्स पहिल्या शाळेचा मोठा, पण पास झालेली मुले दुसरीकडे १२ ने जास्त. पहिल्या शाळेतली ती २० मुले कुठे गेली? काही नववीत अडकली. काहींना ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’ असे सांगून खाजगी विद्यार्थी म्हणून बाहेरून बसवले गेले. एखादीचे लग्न झाले, एखादा कामाला लागला. शिक्षण हक्क कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच असल्याने नववीच्या उंबरठ्यावरून मूल कुठे सरकले, याची दखल घ्यायला फारसे कोणी बांधील नसते.

म्हणून या विषयाची सुरुवात शाळेच्या जनरल रजिस्टरापासून करावी. नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, आणि अगदी उजवीकडे ‘शाळा सोडल्याचे कारण’. त्या शेवटच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ हे दोन शब्द किती वेळा येतात, ते मोजायला मला नेहमीच जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक ठिकाणी थांबावेसे वाटते. बीडकडच्या तालुक्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली ऊसतोड कुटुंबे साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक ‘कोयता’. हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो आणि दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असते. आजीपाशी मागे ठेवलेल्या मुलाचे गुण आणि फडावर गेलेल्या मुलाची गैरहजेरी एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, पण निकालपत्रात त्यांतली एकच दिसते.

रजिस्टरही डोळे झाकून मानू नये. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, आणि कागदावरची कितीतरी मुले वर्गात सापडलीच नाहीत. पटावर शिक्षकांची पदे आणि अनुदान अवलंबून असले की पट फुगतो, निकालावर अब्रू अवलंबून असली की तो आटतो. एकाच शाळेत दोन्ही घडू शकते, फक्त वेगवेगळ्या इयत्तांत.

मोजपट्टीचेही तसेच. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता, २०१९ साली ७७.१० वर घसरला आणि २०२० साली ९५.३० वर चढला. दोन वर्षांत महाराष्ट्रातली मुले आधी मठ्ठ आणि मग हुशार झाली नाहीत. २०१९ साली भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. २०२१ साली तर करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला.

पटावर कोण आहे आणि निकाल काय लागतो, यांचा संबंध मोठ्या प्रमाणावर तपासला गेला तो अमेरिकेत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात तशी तरतूद होती. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे ४,००० सरकारी शाळांतल्या सुमारे ६ लाख मुलांची माहिती गोळा करून १९६६ साली अहवाल दिला. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या गुणांतला फरक इमारती, प्रयोगशाळा, ग्रंथालये यांतल्या फरकाने समजेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. निघाले भलतेच. घरची परिस्थिती आणि बाकावर शेजारी कोण बसते, या गोष्टींचे वजन सोयीसुविधांहून जास्त भरले. त्या अहवालावरचा वाद आजही पुरता शमलेला नाही.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न त्याच्या ८४ वर्षे आधी विचारला गेला होता. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी पैशाची वाट दाखवली: सरकारी तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने आणि तिच्यातून उच्च शिक्षण घेतात वरच्या वर्गांची मुले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. छेदात नसलेल्या मुलांचा हिशेब मागणारे हे निवेदन या विद्येचा आद्य दस्तऐवज मानायला हरकत नसावी. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली आणि १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. मुलाच्या घरची उणीव शाळेच्या भिंतीबाहेर भरून काढायची, हे त्यांना कोणत्याही सर्वेक्षणाशिवाय कळले होते.

आता एक सावधगिरी. कोलमन वाचून काही जण सुटकेचा निःश्वास टाकतात: घरावरच सगळे असेल तर शाळा काय करणार? स्टाफरूममध्ये हे वाक्य ‘आमच्याकडची मुलंच तशी’ असे ऐकू येते. १९८३ साली हेनेमन आणि लॉक्सली यांनी २९ देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा गरीब देशांत शाळा आणि शिक्षक यांच्या दर्जाचा वाटा घरापेक्षा मोठा दिसला. कोरड्या जमिनीत एक पाणी दिले तरी पीक हलते. त्यामुळे जातीचा रकाना हे उत्तर समजू नये. तिथून प्रश्न सुरू होतो. कोकण विभाग दरवर्षी पहिला का येतो, हे सांगताना ‘कोकणी मुले हुशार’ म्हणणे सोपे. त्या विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत आणि मुंबई विभागाच्या तुलनेत परीक्षार्थी मूठभर, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचा प्रश्न अधिक नेमका पडतो.

पहिले प्रकरण उघडण्याआधी जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या हायस्कुलात एकदा जाऊन यावे. निकालाच्या आठवड्यात जाऊ नये, मधल्या सुट्टीतही नको; लेखनिक तेव्हा डबा खात असतात. मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, कोणत्याही मुलाचे नाव वहीत उतरवू नये, आणि तीन वर्षांपूर्वीचा आठवीचा पट मागावा. बहुतेक वेळा तो कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या हजेरीपत्रकांखाली असतो.