रायपूर किती दूर?

नागपूर आणि रायपूर या दोन विमानतळांमधले हवाई अंतर जेमतेम 280 किलोमीटर आहे. पण छत्तीसगढच्या कारभाराचा इतिहास समजून घ्यायचा तर किलोमीटर बाजूला ठेवून प्रवासाला लागणारा वेळ मोजावा लागतो. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा 1741 मध्ये या मुलखात शिरल्या. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरलाच राहून राज्य करू लागले. 1787 मध्ये ते वारले आणि मुलूख व्यंकोजी भोसल्यांकडे आला, पण व्यंकोजींनी मुक्काम नागपुरातच ठेवला आणि वसुली सुभेदारांवर सोपवली. तक्रार घेऊन निघालेल्या रयतेला नागपूर गाठायचे तर जंगल आणि नद्या ओलांडत कित्येक मजला माराव्या लागत. सुभेदाराला जाब विचारणारा धनी जवळ उरला नव्हता आणि रयत नाडली गेली. कोणी म्हणेल, हा दोष अंतराचा नसून माणसांचा. माणसांचा वाटा मी नाकारत नाही. पण घराणे तेच होते, मुलूखही तोच होता. धनी कुठे बसतो, हे बदलले आणि त्याबरोबर कारभाराची तऱ्हाही बदलली. 1818 नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. नागपूरशी संबंध राखायला ही जागा अधिक सोयीची होती.

पुढे रेल्वे आली. नागपूरहून राजनांदगावपर्यंत आलेली मीटरगेज लाइन 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने घेतली, रुंद केली आणि रायपूर-बिलासपूरवरून पूर्वेकडे नेली. मजलांची वाट तासांवर आली. माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. त्याची छपाई आधी रायपूरला आणि नंतर नागपूरला होऊ शकली, ती याच रुळांमुळे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मात्र मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. रायपूरकराला सचिवालय गाठायला लागणारे रेल्वे-अंतर सुमारे 300 किलोमीटरवरून दुपटीहून अधिक झाले. 2000 साली त्याच तारखेला छत्तीसगढ राज्य झाले. त्यामागे अस्मिता होती, तशीच राजधानी दूर असल्याची जुनी तक्रारही होती.

विमानाने हे सारे कालबाह्य केले, असा आक्षेप येईल. मुंबईपुरता तो खरा आहे. रेल्वेने 1,100 किलोमीटरहून लांब असलेला आणि जवळपास एक दिवस खाणारा प्रवास विमानाने दोन तासांच्या आत होतो. नागपूरच्या बाबतीत तसे नाही. रायपूरच्या माना विमानतळावर जाणे, तपासणी, वाट पाहणे हे धरले की पाऊण तासाच्या उड्डाणाची बचत आटते. शिवाय विमान राजनांदगाव आणि गोंदियावरून उडून जाते, रेल्वे तिथे थांबते. बिलासपूर-नागपूर वंदे भारत 2022 मध्ये सुरू झाली, तेव्हा 412 किलोमीटरला साडेपाच तास ठरले होते. अंतर असे वेळेनेच मोजायचे, तर भोसलेकाळावर लिहिणाऱ्यांनी लढायांच्या तारखांबरोबर नागपूर-रतनपूर वाटेवरचे मुक्कामही शोधून नोंदवावेत. त्यांच्यावाचून सुभेदारांचा कारभार नीट उलगडणार नाही.