तारांबळ

संगणकाचा इतिहास लिहिणारे विद्वान नेहमी त्याच्या मेंदूपासून सुरुवात करतात. कुठली चिप कधी आली, तिचा वेग किती, तिच्या पोटात ट्रान्झिस्टर किती! मेंदूबद्दल मलाही आदर आहे. पण पाहुणा दिवाणखाना बघून खूश होतो. घरात राहणाऱ्याला मात्र पाणी कुठल्या नळातून येतं ते ठाऊक असावं लागतं. संगणकाच्या डब्यातले हे नळ म्हणजे तारा. त्यांचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही, म्हणून ते कार्य मी अंगावर घेतलं आहे.

या इतिहासाचं पहिलं पान चांगलंच वजनदार आहे. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला ‘एनिअ‍ॅक’ नावाचं यंत्र जगाला दाखवण्यात आलं. वजन सुमारे तीस टन, निर्वात नळ्या सुमारे अठरा हजार. त्याला नवं गणित घालायचं म्हणजे जाडजूड तारा एका भोकातून उपसून दुसऱ्यात खुपसायच्या आणि शेकडो खटके फिरवायचे. त्यात दिवसच्या दिवस जात. हे काम सहा तरुणींकडे होतं : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. फेब्रुवारीत प्रात्यक्षिक झालं, टाळ्या पडल्या, आणि रात्रीच्या मेजवानीचं बोलावणं या मुलींना आलं नाही. मांडव घालणाऱ्याला पंगतीत पान नसतं, हा नियम फक्त आपल्याकडचाच नाही तर!

पुढे १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, संगणक टेबलावर बसला आणि तारांचा संसार घराघरांत आला. त्या काळी मदरबोर्डला वीज द्यायला दोन जुळे प्लग असत, पी-८ आणि पी-९. मदरबोर्ड ही नावाने साक्षात आई. पण तिलाही आपली जुळी ओळखता येत नसत. जरा रेटलं की अदलाबदल करूनही ती बसत, आणि मग बोर्डच कायमचा बसे.

नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ‘असेंबल’ करून देणाऱ्यांची एक जमातच तयार झाली होती. आमच्याकडे आलेला मुलगा पाढे म्हणावेत तसा पुटपुटत होता, ‘‘काळ्या वायरी मध्ये, काळ्या वायरी मध्ये.’’ दोन्ही प्लगच्या मिळून चार काळ्या तारा शेजारी-शेजारी आल्या की जोडणी बरोबर. प्रॉव्हिडंट फंडातून काढलेली माझी सगळी उचल त्या मंत्रावर उभी होती. मी शेजारी उभा राहून मनातल्या मनात तोच जप करत होतो.

माहिती वाहून नेणाऱ्या तारांची तऱ्हा और. हार्ड डिस्कला चाळीस तारांची चपटी करडी पट्टी असे आणि तिच्या एका कडेला साडीला असावा तसा लाल काठ. हा काठ एक नंबरच्या पिनकडे यायला हवा. फ्लॉपीच्या पट्टीत मधल्या सात तारांना मुद्दाम पीळ दिलेला असे. पिळापलीकडची फ्लॉपी ‘ए’, अलीकडची ‘बी’. पुढे फ्लॉपी गेली, पट्टीही गेली. पण ए आणि बी ही अक्षरं तिच्यासाठी राखलेली, म्हणून विंडोजमधली पहिली डिस्क अजून ‘सी’च आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

वेग वाढला तशा पट्टीतल्या तारा चाळीतल्या बिऱ्हाडांसारखं एकमेकींचं बोलणं ऐकू लागल्या. मग चाळीसाच्या ऐंशी केल्या. वाढीव चाळीस तारा काहीच बोलत नाहीत. दोन बोलणाऱ्यांच्या मध्ये नुसत्या बसतात. एकत्र कुटुंबं अशाच माणसांवर चालतात.

हळूहळू मंत्र संपले आणि खाचा आल्या. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचा आराखडा काढला. त्यात जुळी जाऊन वीस पिनांचा एकच प्लग आला. त्याची काही भोकं चौकोनी, काही कोपरे कापलेली. उलटा धरलात तर बसतच नाही. २००३ च्या सुमारास पट्टीच्या जागी साटाची बारीक केबल आली, तिचं तोंडच इंग्रजी एल अक्षरासारखं. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ही खाच. प्रत्येक खाचेमागे कुणाचा तरी जळलेला बोर्ड असणार. ‘अक्कल नाही का?’ असं त्याला न विचारता, पुढच्याला चुकताच येऊ नये अशी सोय कुणीतरी करून ठेवली.

२०२३ साली माझ्या भाचीने पहिल्या पगारातून सुटे भाग आणून जेवणाच्या टेबलावर आपला संगणक जोडायला घेतला, तेव्हा घरातल्या समस्त पुरुषांनी ‘‘कुणाला तरी बोलावू या’’ हा ठराव एकमताने संमत केला. तिने तो वाचूनही पाहिला नाही. प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा प्लग मला एकसारखेच दिसले. ती म्हणाली, ‘‘मामा, बसत नाही म्हणजे ते तिथलं नाही. रेटायचं नाही.’’ मैत्रिणीने दिलेली जादा केबलही तिने बाजूला ठेवली. पॉवर सप्लायकडच्या टोकाला वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबली दिसतात सारख्या, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. रूप एक, गोत्र वेगळं! तिथे खाचही वाचवत नाही. शेवटी राहिल्या समोरच्या बटणाच्या आणि दिव्यांच्या चिमुकल्या तारा. त्यांना आजही बहुतेक ठिकाणी खाच नसते, म्हणून तिने टॉर्च लावून पुस्तिका वाचली. संगणक सुरू झाल्यावर ठराव मांडणाऱ्या मंडळींनी चहा मागितला.

इतिहास अजून संपलेला नाही. २०२२ साली ग्राफिक्स कार्डांसाठी सहाशे वॅटपर्यंत वीज नेणारा नवा सोळा पिनांचा प्लग आला, आणि शेवटपर्यंत नीट न दाबल्यामुळे काही ठिकाणी तो वितळला. पुढच्याच वर्षी त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. तीत खूण देणाऱ्या चार छोट्या पिना आणखी आखूड केल्या. प्लग पुरता बसल्याशिवाय त्या टेकत नाहीत, आणि त्या टेकल्याशिवाय कार्ड वीज ओढत नाही. त्या पिना आखूड करणाऱ्याचं नाव खोक्यावर कुठे छापलेलं नाही. बहुधा त्यालाही पंगतीचं बोलावणं नसावं.